अंगठ्यांची भिंत

परवा आमच्या वस्तीत एका मुलाचा सत्कार झाला. बँकेत ऑफिसर लागला तो. पोरगा गुणी आहे, माझाच विद्यार्थी. गळ्यात हार पडला, हातात माइक आला आणि पहिल्याच वाक्याला म्हणतो कसा, "माझी आजी अडाणी होती, पण..." पणच्या पुढचं मी ऐकलंच नाही. अडाणी हा शब्द कानावर पडला की माझं टाळकं सटकतं. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला, म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई, चांगलंच बोलून राहिला तो." काय जाऊ द्या? त्याची आजी कोण होती हे त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. आमच्या अंजनामावशीच्या मांडीला मांडी लावून ती विड्या वळायची. ते नुसतं बसणं नव्हतं, शाळा होती ती, आणि मी तिथं शिकले आहे. म्हणून आज लिहायला बसले. मी शाळेत मराठी शिकवते, पुस्तकातली भाषा मला चांगली येते. पण मावशीबद्दल सांगताना ती कुठवर टिकेल याची हमी देत नाही.

अंजनामावशी म्हणजे अंजनाबाई. उंच, काटकुळी, अंगावर नऊवारी लुगडं आणि पदराच्या टोकाला बांधलेली विहाराची किल्ली. ती चालायला लागली की किल्ली पाठीवर आपटायची आणि त्या आवाजानं गल्लीतले पोट्टे पसार व्हायचे. कारण शाळेच्या वेळात गल्लीत दिसलेलं पोरगं ती कान धरून शाळेत नेऊन सोडायची. पोराचा बाप मधे पडला तर बापालाही सोडत नसे. स्वतः मात्र शाळेची पायरी कधी चढली नव्हती. मी एकदा तिला पाटी घेऊन शिकवायला बसवलं. तिनं मन लावून गिरवलं, घाम पुसला आणि म्हणाली, "शामला, थे अक्षर माह्या डोक्यात टिकत नाही वं. तू वाच, मी ऐकते. दोघीचं मिळून होते ना एक शहाणपण?" तिचा नवरा लहानूकाका कापडाच्या गिरणीत होता. भला माणूस. दोघांच्या वाटचं बोलणं ती एकटीच बोलायची, म्हणून तो बहुतेक गप्प असायचा.

वस्ती तिला काहूनबाई म्हणायची. काहीही सांगा, तिचा पहिला शब्द 'काहून', म्हणजे का. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आमचे सगळे लोक घरोघरी परतले आणि घरातले देव काढायचं ठरलं. माझी आई सांगायची, लहानूकाकानं देव्हाऱ्याला हात घातला तर मावशी दारात आडवी. "काहून?" काकानं सांगितलं. तिनं उलट विचारलं. काकानं पुन्हा सांगितलं. शेजारीपाजारी जमले. कोणीतरी वैतागून म्हणालं, "बाई, आता सगळ्याहिनं काढले ना!" झालं! मावशी उसळलीच. "सगळे पूजतात म्हणून पूजत होतो, आता सगळे काढतात म्हणून काढू? मंग फरक काय झाला गा?" मग लोकांनी तिला नीट समजावलं. आपल्याला ज्या देवळात कधी शिरू दिलं नाही तिथपासून सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं, विचार केला. मग उठून तिनं स्वतःच देव टोपल्यात भरले आणि टोपलं डोक्यावर घेऊन नदीत सोडायला निघाली. त्यानंतर तिनं मागे वळून पाहिलं नाही. पटल्याशिवाय ती हलायची नाही, आणि पटलं की तिला कोणी थांबवू शकायचं नाही.

आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाया विड्या वळायच्या. ठेकेदाराकडून तेंदूपत्ता, तंबाखू, सूत आणायचं, वळायचं, कट्टे बांधून नेऊन द्यायचे. दुपारी सगळ्याजणी आपापलं सूप मांडीवर घेऊन एका जागी बसायच्या. हात कामात, कान रिकामे. मावशीला ते रिकामे कान बघवेनात. तिनं एक रीत पाडली. चहावाल्याकडचा पेपर दुपारपर्यंत वाचून होतो, तो मागून आणायचा आणि एकानं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचणाऱ्याचे हात थांबतात, म्हणून त्याच्यापुढेही एक सूप ठेवायचं. त्यात प्रत्येकीनं आपण वळलेल्यातल्या मूठभर विड्या टाकायच्या. वाचणाऱ्याचं सूप रिकामं जाता कामा नये, हा कायदा. ज्या बाईच्या घरी चूल पेटायची मारामार तीसुद्धा त्या सुपात आपली मूठ टाकायची. हा कायदा कोणी मोडल्याचं मला आठवत नाही.

पहिला वाचणारा श्रीधर. रुख्मिणीमावशीचा एकुलता एक. बाप लवकर गेला, आई विड्यांवर पोराला वाढवत होती. पान कापता कापता कैची सटकून तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. त्या अर्ध्या अंगठ्यानं ती पूर्ण अंगठेवाल्यांइतक्याच विड्या वळायची. श्रीधर शाळेतून आला की दप्तर फेकायचा आणि पेपर उघडायचा. आणि मावशी त्याला पुढे जाऊ द्यायची नाही. "थांब. हे असं झालं ते काहून झालं?" त्याला उत्तर आलं नाही तर म्हणायची, "मास्तरले विचारून ये उद्या. तुहं सूप आम्ही भरूनच ठेवतो." दुसऱ्या दिवशी तो मास्तरांचं उत्तर घेऊन यायचा, आणि मावशी त्या उत्तरालाही काहून लावायची. पोरगं रडकुंडीला यायचं बिचारं. पुढे कॉलेजात तो वादविवादात बक्षिसं आणायला लागला तेव्हा लोक म्हणाले, डोकं तेज आहे पोराचं. तेज होतंच. पण त्याला धार कोणी लावली? त्याची पुस्तकं, त्याची फी, त्याची पहिली फुलपँट, सगळं त्या सुपातून आलं.

श्रीधर कॉलेजात गेल्यावर त्या जागी मी बसले. माझंही मॅट्रिक त्याच सुपात झालं. माणूस चंद्रावर उतरला ती बातमी मीच वाचली. सगळ्या बाया 'अगा माय वं' करून राहिल्या. मावशी म्हणाली, "तिथवर गेला, चांगलं झालं. पन आपल्या नळाले पानी नाही ते काहून?" मी म्हटलं, मावशी, याचा त्याच्याशी काय संबंध? "तेच तर विचारून राहिली मी. संबंध काहून नाही?" मी ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले, हजारो पोरं हाताखालून गेली. त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला अजून देता येत नाही.

आता भिंतीचं सांगते. साठ साली वस्तीनं विहार बांधायचं ठरवलं. जागा होती, पैसा कोणाजवळ नव्हता. आमच्यातले काहीजण कन्हानकडे विटांच्या भट्टीवर कामाला होते. भट्टीवाल्यानं सुटीच्या दिवशी माती आणि साचे वापरू दिले. अख्खी वस्ती तिकडे लोटली. माती तुडवली, साच्यात भरली, विटा पाडल्या. कोणीतरी टूम काढली की प्रत्येकानं आपल्या एका विटेवर काडीनं नाव लिहावं, आठवण राहील. शिकलेल्या चारदोन पुरुषांनी लिहिलं. बाया एकमेकींकडे बघत उभ्या. काडी हातात, पण लिहिणार काय? मावशीनं काडी फेकून दिली आणि ओल्या विटेत अंगठा दाबला. "हे माहं नाव." मग सगळ्याच पुढे झाल्या. मावशी ओरडली, "वरून नका दाबू वं बायाहो, वरची बाजू चुन्यात जाईन. दिसणाऱ्या बाजूले दाबा!" भट्टी लागली, विटा पक्क्या झाल्या, भिंती उभ्या राहिल्या. विहाराची पुढची भिंत, ओट्याच्या मागची, सगळी अंगठ्यांची. रुख्मिणीमावशीचा अर्धा अंगठा दाराच्या उजव्या अंगाला लागला, ओट्यावर बसलं की खांद्याशी येईल असा. त्या वर्षांत श्रीधर तिथंच पाठ टेकून वाचायचा. प्लास्टरला पैसे उरले नव्हते, म्हणून भिंत तशीच उघडी राहिली. किल्ली मावशीकडे आली, ती कोणी दिली हे कोणालाच आठवत नाही. सकाळी उघडायची, झाडायची, बुद्धाच्या मूर्तीपुढे दिवा लावायची. दुपारी ओट्यावर विड्या आणि पेपर. आत कधी तंबाखूची काडी गेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

रुख्मिणीमावशी श्रीधर एम.ए. व्हायच्या आधीच गेली. श्रीधर प्राध्यापक झाला, वस्ती सोडून प्रताप नगरात घर घेतलं, स्कूटर आली. आम्हाला काय आनंद झाला होता! मावशीनं तर वस्तीभर साखर वाटली. तो वस्तीला विसरला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? दर रविवारी यायचा. विहाराची कमिटी नीट बसवायची, वाचनालय काढायचं, मुलांना परीक्षेच्या अभ्यासाला जागा करून द्यायची, असं त्याच्या मनात होतं. चांगलंच होतं ते. चौऱ्याहत्तर साल. त्यानं सभा बोलावली. बुद्धवंदना झाली आणि श्रीधरसर उभे राहिले.

सर म्हणाले, संस्था रजिस्टर करायची आहे. यापुढे कमिटीवर किमान मॅट्रिक झालेलेच लोक असतील. ओट्यावर विड्या वळणं बंद, तंबाखू विहाराला शोभत नाही. भिंतींना प्लास्टर, डिस्टेंपर, आत टेबलखुर्च्या. किल्ली अध्यक्षांकडे, म्हणजे नत्थूजींकडे. नत्थूजी गिरणीतून रिटायर झालेले, गुजराथी शाळेसमोर राहायचे, जुने मॅट्रिक.

मावशी बायांच्या रांगेतून उठली. "अभ्यासाची जागा करून राहिला, लय चांगलं. पन कमिटीत मॅट्रिकच काहून?"

"मावशी, अर्ज लिहायचे असतात, पत्रव्यवहार असतो. लिहितावाचता यायला नको?"

"लिहाले घे ना मॅट्रिकवाले, चार घे. पन आम्हाले काढून काहून राहिला? लिहिणं त्याहिचं, ठरवणं सगळ्याहिचं."

"ठरवायलाही शिक्षण लागतं."

"विहार बांधाचं ठरवलं तवा तं नाही लागलं."

सभेत हशा पिकला. सरांचे कान लाल झाले. "आणि तंबाखूचं काय?"

"आम्ही वळतो, ओढत नाही. ओढणारे तुह्या कमिटीत हायेत." नत्थूजींनी कानामागची विडी हळूच टोपीत सारली. पुन्हा हशा.

आणि श्रीधरचा तोल गेला. "मावशी, काळ बदलला आहे. अंगठेबहाद्दरांच्या भरवशावर आता संस्था चालत नाहीत."

मी बायांच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांनी मूठमूठ विड्या टाकून त्याला शिकवलं त्या एकेकीची मान खाली गेली. मला असं झालं की उठावं आणि ह्याच्या कानफटात एक ठेवून द्यावी. मावशी ओरडेल असं वाटलं. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली एकवार बघितली आणि गाठ आणखी घट्ट मारली.

"किल्ली भेटणार नाही," ती म्हणाली. "ज्याले पायजे त्यानं माह्या काहूनचं उत्तर घेऊन यावं." आणि पाठ फिरवून निघून गेली. तिच्यामागे सगळ्या बाया गेल्या, पुढे काय होतं ते बघायला मी तेवढी थांबले.

ठराव मात्र झाला. मॅट्रिकवाल्यांनीच हात वर केले. मी मॅट्रिक होते, माझा हात खालीच राहिला.

संध्याकाळी सर माझ्या घरी. चहा घेतला, घर चांगलं ठेवलंस म्हणाले, मग मुद्द्यावर आले. "शामला, तू समजदार आहेस. महिला प्रतिनिधी म्हणून तुझं नाव घालतो. किल्ली तेवढी तू मिळव, मावशी तुझं ऐकतात."

मी म्हटलं, "भिंतीला प्लास्टर कशाला पाहिजे? चौदा वर्षं झाली, हलली नाही ती."

"अगं, उद्घाटनाला माझे कॉलेजचे लोक येणार आहेत. धरमपेठेतली मोठी माणसं. त्यांनी येऊन काय हे अंगठे बघायचे?"

म्हणजे हे असं होतं! माझा संताप संताप झाला. "सर," मी म्हटलं, "तुमचं आणि माझं एकाच सुपात भरलं. माझ्या पुस्तकांना अजून तंबाखूचा वास येतो, तुमच्या पुस्तकांना येईनासा झाला का? तुमच्या कमिटीत मी बसणार नाही. मॅट्रिक आहे म्हणूनच नाही." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही सगळे भावनेत वाहवत जाता. मी ह्या वस्तीला वर काढायला बघतोय." आणि त्याला ते खरंच वाटत होतं, तीच तर पंचाईत होती.

मी तशीच मावशीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. "लाज त्याले अंगठ्याची वाटते का आमची?"

"दोन्हीची."

"मंग ते त्यानं आमच्या तोंडावर सांगावं."

पुढच्या रविवारी सकाळी सर मिस्त्रीला घेऊन आले. सिमेंट आलं, रेती आली, घमेली आली. नत्थूजी आणि कमिटी हजर. आणि ओट्यावर बाया. सगळ्याजणी आपापलं सूप घेऊन भिंतीला पाठ लावून बसलेल्या, एकीच्या खांद्याला एकीचा खांदा. विड्या वळून राहिल्या होत्या, जसं काही घडतच नव्हतं. दाराशी मावशी. तिच्या एका बाजूला भीमाबाई, दुसऱ्या बाजूला मी.

मिस्त्री घोटाळला. "सर, ह्या बाया उठल्याबिगर कसं? जुन्या भिंतीले छिन्नीनं खाचा पाडा लागतात, नाही तर प्लास्टर धरत नाही."

"मावशी, उठा," सर म्हणाले. "लोकांसमोर तमाशा नको."

"उठतो ना बाप्पा. आम्ही कोनाच्या आड येत नाही." ती उभी राहिली, हातानं खूण केली आणि सगळ्या बाया उठून बाजूला झाल्या. मला धक्काच बसला. एवढं करून ही माघार घेते? भिंत उघडी पडली. सकाळचं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि एकेक अंगठा स्पष्ट दिसत होता. जाड, बारीक, वाकडे. मिस्त्री पुढे झाला, तर मावशीनं त्याच्यापुढे हात पसरला. "दे." त्याच्या हातून तिनं छिन्नी आणि हातोडी घेतली, चालत श्रीधरपाशी गेली आणि दोन्ही त्याच्या हातात दिली.

"मिस्त्री बाहेरचा माणूस. त्याले काय मालूम कोनाचा कोनता? तुले मालूम हाय. तू फोड. पहिले तुह्या मायचा अंगठा फोड, मंग माहा फोड, मंग ह्या भीमाचा. एकेक करून सगळे फोड. आम्ही इथंच उभं राहून पाहतो. एकीनंही तोंडातून शब्द काढला तं माहं नाव बदलजो."

"मावशी, हे काय..."

"फोड ना. तूनंच म्हटलं ना, अंगठ्याचं काम नाही आता?"

सगळी वस्ती बघत होती. श्रीधरचा चेहरा रागानं तापला होता. माघार घेणं त्याला माहीतच नव्हतं. ते आम्हीच त्याला शिकवलं होतं ना! तो तरातरा दाराच्या उजव्या अंगाला गेला. ती वीट खाली होती, उभ्यानं हात पोचेना. इस्त्रीच्या पँटीसकट तो ओट्यावर खाली बसला. छिन्नी विटेवर टेकवली. हातोडी उचलली. मला वाटलं, मारतो हा आता. भीमाबाईनं तोंडाला पदर लावला.

हातोडी वरच राहिली. तो त्या अर्ध्या अंगठ्याकडे बघत होता. त्या अंगठ्यानं वळलेल्या विड्या मोजायला गेलं तर कुठवर मोजणार? मग त्यानं हातोडी खाली ठेवली, छिन्नी खाली ठेवली.

"माझ्यानं नाही होत."

"काहून?" मावशी म्हणाली.

त्यानं अंगठ्यावरची धूळ बोटानं पुसली.

"नाही, सांग ना. मोठ्यानं सांग. काहून नाही होत?"

"माय आहे माझी," तो म्हणाला. प्राध्यापकी मराठी गेली, प्रताप नगर गेलं. "माही माय हाय ना ते, मावशी."

"हाव. तुही माय हाय. आता मले एक सांग. तुह्या त्या नियमानं तुही माय कमिटीत बसली असती का?"

श्रीधरनं मान हलवली. नाही.

"एवढं समजाले एम.ए. करावं लागलं का गा तुले?" मावशीचे डोळे भरून आले होते, पण आवाज जराही हलला नाही. "आम्ही तुले शिकवलं ते काय आमची लाज वाटावी म्हणून? लाज वाटाची असन तं त्याहिची वाटू दे ज्याहिनं आम्हाले शिकू दिलं नाही. तू आमच्यावर काहून उलटला? मले अक्षर नाही येत. पन कोनाले खाली ढकलून वर बसू नये, हे येते. हे ज्याले येत नाही त्यानं मॅट्रिक करो का आणखी काही करो, माह्यासाठी तो कोराच."

मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली, शिक्षणावरची तर फारच. पण शिकलेलं कोणाला म्हणायचं ते मला त्या सकाळी समजलं आणि अजून तेच धरून बसले आहे.

नत्थूजी घसा खाकरून म्हणाले, "मग ठरावाचं काय करायचं?"

"मागे घेतो," श्रीधर म्हणाला.

"तू काय मागं घेशीन? आम्ही मानलाच कुठं होता?" मावशी म्हणाली. "कमिटीत मी बसन. भीमा बसन. कागदावर अंगठा लावून बसन. लिहाचं काम शामला करन. अभ्यासाची जागा आत कर, टेबल आण, खुर्ची आण, ओटा आमचा. आन् ह्या भिंतीले कोनी हात लावणार नाही. धरमपेठचे लोक येतात ना? येऊ दे. त्याहिले सांगजो, हे आमचे दस्तखत हायेत."

श्रीधरनं मान डोलावली. तो उठायला लागला, पँटीची धूळ झटकायला लागला. तशी मावशीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा खाली दाबलं. "कुठी चालला? बस तिथीच." बाया परत आपापल्या जागी बसल्या, सुपं मांडीवर आली. मावशीनं आपल्या मागचं एक रिकामं सूप ओढलं आणि श्रीधरपुढे ठेवलं. मला म्हणाली, "शामला, पेपर आण वं." मी चहावाल्याकडून पेपर आणून त्याच्या हातात दिला. त्याची पाठ त्या अर्ध्या अंगठ्याला टेकलेली होती. त्यानं घडी उलगडली, चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली, पण इतकी हळू की शेजारणीलाही ऐकू जाईना. भीमाबाईनं पहिली मूठ सुपात टाकली.

"जोरानं वाच गा प्रोफेसर!" मावशी कडाडली. "मागं अंगठेबहाद्दर बसले हायेत, त्याहिले ऐकू आलं पायजे. आन् दर बातमीले थांबजो. काहून, ते मी विचारणार हाय."